एंजलची अंडी आणि बाबांचे डोळे

सासरे रिटायर झाले तेव्हा त्यांच्या कारखान्यातल्या मंडळींनी घड्याळ किंवा शाल न देता त्यांना माशांची टाकी दिली. ठाण्यातल्या बाळकुमच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही तेव्हा नुकतेच राहायला आलेलो. हॉल रिकामाच होता, म्हणून टाकीला जागा मिळाली. बाबा, म्हणजे सासरे, आधी नाराज होते. त्यांचं गाव खडवली, लहानपण सगळं नदीत गेलेलं. "जन्मभर मासे पकडून खाल्ले, आता त्यांनाच बसवून खायला घालू?" असं म्हणाले. पण थोड्याच दिवसांत सकाळचा चहासुद्धा ते टाकीसमोर खुर्ची ओढून घ्यायला लागले.

सासूबाई त्याआधीच गेलेल्या. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, नवरा सकाळी जातो तो दिवेलागणीनंतरच येतो. त्यामुळे दिवसभर घरात बाबा आणि मासे. टाकी त्यांनी अशी काही लख्ख ठेवलेली की पाहुणे काच आहे की नाही ते बोट लावून बघायचे. गोगलगायी तर त्यांना अजिबात खपायच्या नाहीत. टाकीत लावायला नवीन रोप आणलं की त्याला चिकटून एखादी बारकी गोगलगाय हमखास यायची. ती दिसली रे दिसली की बाबा चिमट्याने उचलून बाहेर काढायचे. "एक जरी राहिली ना, तरी चार दिवसांनी टाकीत मासे शोधावे लागतील," म्हणायचे.

म्हणून त्या थंडीत एका सकाळी केर काढताना मला काचेवर जे दिसलं त्याचं नवल वाटलं. भिजवलेला सब्जा कसा दिसतो, बुळबुळीत, पारदर्शक, मध्ये एक ठिपका, तसे पुंजके आतून काचेला चिकटलेले. एखादा नाही, बरेच. कोपऱ्यात दोन-तीन गोगलगायी आरामात चाललेल्या.

"बाबा, गोगलगायींनी अंडी घातलीयत काचेवर."

"कुठे? सकाळीच पुसली मी काच."

"ही काय, इथे. बघा ना."

ते उठून आले, वाकले, थोडा वेळ काचेशी चेहरा नेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हां. काढतो नंतर."

माझी शाळेची वेळ झालेली. मी पर्स उचलली आणि निघाले. संध्याकाळी पुंजके तिथेच होते, पण मी परत विषय काढला नाही. टाकी त्यांची होती.

त्यानंतर काही दिवसांनी एंजलने अंडी दिली. हे मासे लांब पंखांचे, चपटे, रुबाबदार. त्यातली एक जोडी बरेच दिवस एकमेकांच्या मागे-पुढे करत होती. रविवारी सकाळी मी सहज टाकीजवळ गेले तर रुंद पानाच्या रोपाभोवती ती दोघं पहारा देत होती आणि बाकीच्या माशांना कोपऱ्यात पिटाळून लावत होती. नीट बघितलं तर एका पानावर राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी अंडी ओळीने चिकटलेली. दोघंही पंखांनी त्यांना वारा घालत होती.

मी ओरडलेच. "बाबा! एंजलची अंडी!"

बाबा लहान मुलासारखे खूश झाले. "कुठल्या पानावर?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, डावीकडचं मोठं पान, फिल्टरच्या बाजूचं. मग त्यांनी घराला नियम घालून दिले. टाकीसमोर कोणी धावपळ करायची नाही. दिवा लावायचा नाही, मासे बुजतात. टीव्हीचा आवाज कमी. नवऱ्याने विचारलं, "बाबा, मी श्वास घेतला तर चालेल का?" तर त्याच्यावर डाफरले.

दोन-तीन दिवस घर असं दबक्या पावलांनी चाललं. मी कामाच्या गडबडीत टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. रोज घरी आले की विचारायचे, "कशी आहेत अंडी?" आणि बाबा सांगायचे, "मस्त. एकही हललं नाही जागचं."

आमच्या शेजारी एक आजी राहतात, बाळकुम गावातल्या मूळच्या. त्यांच्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली आणि त्या आमच्याच मजल्यावर राहायला आल्या. अजूनही पहाटे उठून दारात सडा घातल्यासारखं पाणी शिंपडतात. अशाच एका संध्याकाळी त्या वाटीभर सुक्या जवळ्याची चटणी घेऊन आल्या, तर बाबांनी त्यांना कौतुकाने टाकीपाशी नेलं. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. सगळं ऐकू येत होतं.

"ही बघा, आमची बाळंतीण."

"कुठं हाय गाबोली?"

"ते काय, डावीकडच्या पानावर. नीट वाकून बघा. शंभर तरी असतील."

आजी काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "हां हां, दिसली. लय हायेत."

मला त्यांचा तो मधला थांबा खटकला. चहा घेऊन झाल्यावर त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाय, पान कोरं हाय गो. तुझ्या सासऱ्याला दिसत नाय वाटतं."

मी दार लावून आत आले. बाबा टीव्ही लावून बसलेले. मी टाकीजवळ गेले, वाकले. पानावर एकही अंडं नव्हतं. एंजलची जोडी निवांत वरच्या बाजूला फिरत होती, पहारा वगैरे काही नाही. काचेवर मात्र गोगलगायींचे पुंजके दुप्पट झालेले. एवढंच नाही, टाकीच्या झाकणावर माशांच्या खाण्याचे दाणे सांडून फुगलेले. हात नेमका दाणे टाकायच्या भोकापाशी न जाता बाजूला जात असणार.

तिथे उभ्या उभ्या मला कितीतरी गोष्टी एकामागून एक आठवल्या. बाबा टीव्हीच्या किती जवळ बसायला लागले होते. पेपर हातात धरायचे, पण त्यातलं काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी खाली कट्ट्यावर जाणं त्यांनी बंद केलं, गुडघे दुखतात म्हणून. गुडघ्याला तेल लावून देऊ का विचारलं तर नको म्हणायचे. एकदा त्यांच्या हातून चहात मीठ पडलं तेव्हा आम्ही सगळे हसलेलो. तेही हसलेले.

मी टीव्ही बंद केला आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"बाबा, पानावर अंडी नाहीत."

त्यांनी रिमोट बाजूला ठेवला.

"खाल्ली वाटतं माशांनी. कालच गेली असतील किंवा परवा."

"पहिल्या वेळी खातात," ते म्हणाले. "त्यांनाही कळत नाही ना काय करायचं ते." मग जरा वेळाने, "आणि आजी तर मघाशी दिसली म्हणाल्या."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या."

ते हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसून राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अंडी?"

"नाही, बाबा. डोळे."

ते तळहाताने डोळे चोळत राहिले. मी उठले नाही. मग म्हणाले, "गणपतीच्या आधीपासून. सगळं धुक्यात असल्यासारखं. दिव्याकडे बघितलं की फाटे फुटतात. पांढरं काही हललं की कळतं, मासा आहे. बाकी अंदाजाने."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मग त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. मला एवढंच ठाऊक होतं की ते शेवटी आंधळे झाले होते. बाबांनी जे बघितलं होतं ते कधी सांगितलं नव्हतं. भावाला काचबिंदू झालेला. खडवलीहून त्यांना कल्याणला दाखवायला नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, गेली ती नजर गेली, ती परत येत नाही. त्यानंतर घराच्या दारापासून मोरीपर्यंत काथ्याची दोरी बांधलेली, तिला धरून भाऊ जायचा-यायचा. बाबा तेव्हा नोकरीला लागलेले. सुट्टीला गावी गेले की भाऊ त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "जाड झालास की रे."

"एकाच रक्ताचे आम्ही," बाबा म्हणाले. "त्याचं जे झालं तेच माझं होणार. दाखवून काय उपयोग? म्हटलं, घरातल्या घरात जमतंय तोवर जमवू. ह्याला नको सांगूस."

"ह्याला" म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी म्हटलं, "सांगणार. आजच सांगणार." त्यांनी होकारार्थी मान हलवली. मला वाटतं, कोणीतरी सांगावं ह्याचीच ते वाट बघत होते.

नवरा आला तेव्हा मी त्याला पायऱ्यांवरच गाठलं. ऐकून तो आधी चिडला. "एवढे महिने? आणि आपल्याला कळलं नाही? त्यांना काय वाटलं, आपण परके आहोत?" मी म्हटलं, "आज काही बोलू नकोस. नुसता जेवायला बस त्यांच्याबरोबर." तो बसला. जेवताना त्याने बाबांच्या ताटातली भाकरी मोडून दिली आणि बाबांनी ती मुकाट्याने घेतली.

ठाण्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात आम्ही तिघं गेलो. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, वरची गुंडीसुद्धा लावलेली. आधी एका मुलीने त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यात मोठं अक्षर त्यांना दिसलं नाही. तिने बोटं धरली, ती जवळ आल्यावर कळली. मी नवऱ्याकडे बघितलं नाही, त्यानेही माझ्याकडे नाही. मग डोळ्यांत थेंब घातले आणि बाहेर बसवलं. बाबा डोळे मिटून बसलेले, ओठ हलत होते. नामस्मरण करत असतील असं मला वाटलं, पण नीट ऐकलं तर ते स्वतःशी म्हणत होते, "गुलमोहर, हिरवी सायकल, पिवळं दार." मी विचारलं, "काय हे?" तर म्हणाले, "बघितलेलं आठवून ठेवतोय."

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बाबांची हनुवटी मशीनवर ठेवायला लावली, बराच वेळ बघितलं, डोळ्याचं प्रेशर मोजलं. बाबांना राहवेना. मशीनवरून डोकं न काढताच त्यांनी विचारलं, "काचबिंदू आहे ना?"

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"भावाला होता."

"भावाला होता म्हणून तुम्हाला असेलच असं नाही. प्रेशर नॉर्मल आहे. तुम्हाला मोतीबिंदू आहे, आजोबा, दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. इतका की मला मागचा पडदा दिसत नाहीये. त्याची सोनोग्राफी करून घेऊ, म्हणजे खात्री होईल."

आता परत थांबणं आलं. पडदा ठीक नसला तर ऑपरेशन करूनही उपयोग नाही, हे न सांगताच आम्हा तिघांना कळलं. नवरा कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. बाबा म्हणाले, "त्याला बसायला सांग. मला चक्कर येते त्याच्या पावलांनी." तो आला, बसला आणि त्याने बाबांचा हात हातात घेतला. लग्न होऊन मी ह्या घरात आल्यापासून ह्या दोघांना असं हात धरून बसलेलं मी बघितलं नव्हतं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला आणि हसल्या. "पडदा चांगला आहे. एकेक डोळा करू. घरात काचबिंदू आहे म्हणून दर वर्षी तपासायला मात्र यायचं. चुकवायचं नाही."

"म्हणजे मला दिसेल?"

"दिसेल."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "बाई, परत एकदा सांगा."

त्यांनी परत सांगितलं, सावकाश, शाळेत मुलांना सांगतात तसं. "तुम्हाला नीट दिसेल."

बाहेर आल्यावर नवरा पाण्याची बाटली आणतो म्हणून गेला तो बऱ्याच वेळाने आला, डोळे लाल करून. बाबा म्हणाले, "मला भूक लागलीय." समोरच्या हॉटेलात त्यांनी पुरी-भाजी मागवली आणि तीच परत एकदा मागवली. माझ्या पाठीत सकाळपासून एक कळ होती, ती कधी गेली मला कळलंच नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आठवड्याभरात झालं. मग काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे टाकीत हात घालायचा नाही. टाकी माझ्याकडे आली. बाबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचे आणि तिथून हुकूम सोडायचे.

"काकडीची चकती टाक. दोऱ्याला बांधून टाक, म्हणजे ओढून काढता येते. गोगलगायी त्यावर जमतील."

जमल्याही. चकती वर काढली की तिच्यावर मण्यांसारख्या लटकलेल्या असायच्या. मी त्या एका बादलीत टाकायचे, आणि शेजारच्या आजी ती बादली कुंड्यांपाशी रिकामी करायला घेऊन जायच्या. काचेवरचे पुंजके मी एका जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडत होते. बुळबुळीत, सहज निघत नव्हते.

"मारायचं औषध आणू का दुकानातून?" मी एकदा वैतागून विचारलं.

"नको नको. गोगलगायी मरतील, सडतील, आणि मग मासेही जातील. हातानेच काढायचं. सवय होते."

तपासणीला डॉक्टरबाईंनी काळा चष्मा काढायला परवानगी दिली त्या दिवशी घरी येऊन बाबा थेट टाकीसमोर गेले. मी अजून अर्धीच काच साफ केलेली. ते काचेला नाक लावून उभे राहिले आणि मला हाक मारली.

"इकडे ये. हे बघ."

उरलेल्या एका पुंजक्यावर त्यांचं बोट होतं. मी वाकले. प्रत्येक ठिपक्याभोवती एवढीशी शंखाची कड आलेली, आणि आत काहीतरी गोल गोल फिरत होतं.

"आत हलतंय," बाबा म्हणाले. "दिसतंय मला. अगं, मला आत हललेलं दिसतंय!"

तो पुंजका त्यांनी मला काढू दिला नाही. "राहू दे. शेवाळ खातील," म्हणाले. ज्या माणसाने वर्षानुवर्षं चिमटा चालवला त्याने असं म्हणावं ह्याचं मला हसू आलं, पण मी हसले नाही. मग ते सरळ उभे राहिले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुझे केस पांढरे कधी झाले गं?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा."

"आणि हा पंखा किती काळा झालाय!"

पुढचे दोन दिवस त्यांनी घरातली सगळी धूळ शोधून काढली. नवरा म्हणाला, "आधीच बरे होते." आणि तिघंही इतके हसलो की शेजारच्या आजी दार वाजवून विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

दुसऱ्या डोळ्याचं झालं आणि त्यानंतर एंजलने परत अंडी दिली. ह्या वेळी बाबांनीच बघितली, भर दुपारी, मी शाळेत असताना. मला फोन आला. "येताना निळं औषध घेऊन ये दुकानातून, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून टाकतात ते. आणि लवकर ये." माझ्या घाईचं कारण ऐकून आमच्या हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "घरी बाळंतपण म्हणायला हवं."

आम्ही ते पान देठापासून कापलं आणि प्लॅस्टिकच्या टबात, त्याच टाकीचं पाणी घालून, हवेच्या नळीजवळ ठेवलं. औषधाचे थोडे थेंब. काही अंडी पांढरी पडली, ती बाबांनी स्वतः पिसाच्या टोकाने एकेक बाजूला केली. बाकीच्यांतून दोन-तीन दिवसांनी शेपट्या बाहेर आल्या. पानाला डोकं चिकटलेलं आणि शेपट्या सारख्या वळवळतायत. नंतर ती पिल्लं सुटून पोहायला लागली. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून बाबा त्यांना कणाकणाने द्यायचे आणि लगेच खालचं पाणी बदलायचे. तरीही बरीच गेली. जी राहिली ती हळूहळू चपटी झाली, पंख वर आले, आणि एके दिवशी ती एंजल दिसायला लागली.

बाबांची एक भाची विठ्ठलवाडीला राहते. तिने फोटो बघून फोनवर हट्ट धरला, "मामा, मला पाहिजेत." बाबांनी पिशवीत पाणी भरलं, त्यात पिल्लं सोडली, तोंडाला रबर लावलं आणि म्हणाले, "मी देऊन येतो."

"रविवारी आपण सगळे जाऊ," नवरा म्हणाला.

"कशाला सगळे? मी एकटा जातो. मला दिसतंय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. किती महिने हा माणूस लिफ्टचं बटण चाचपडत होता ते आम्हाला आता ठाऊक होतं. पण अडवायचं कशाच्या नावाखाली? शनिवारी सकाळी ते निघाले. पिशवी छातीशी धरलेली, डोक्यावर टोपी. मी गॅलरीतून बघत राहिले. गेटबाहेर पडल्यावर ते थांबले, दोन्हीकडे बघितलं, एक डंपर जाऊ दिला आणि रस्ता ओलांडून रिक्षात बसले.

नवऱ्याने दर थोड्या वेळाने फोन लावायचं ठरवलेलं. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "पोचतील," मी म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली. ती मला हवी त्यापेक्षा जास्त वेळ मळली गेली.

जेवायच्या आधी भाचीचा फोन आला. "मामा आले. पिल्लं सगळी जिवंत आहेत. आणि वहिनी, मामांनी आल्या आल्या माझ्या पोराला फळ्यावरचं चुकलेलं शुद्धलेखन दाखवलं!"

मागून बाबांचा आवाज येत होता, "तिला सांग, मी संध्याकाळी चहाला घरी येतो. आधी इथे जेवून घेतो."

नवऱ्याने डोक्यावर हात ठेवला आणि सोफ्यावर आडवा झाला. आम्ही दोघांनी जेवण उरकलं, भांडी तशीच ठेवली. त्या दुपारी मी पंखा मोठा केला, पाय पसरले आणि इतकी गाढ झोपले की दुधवाल्याने बेल वाजवली तीही मला ऐकू आली नाही.